चलाखबाबूंचं सुतक

ज्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मोरेश्वर चलाख यांचं मूत्रपिंड त्यांच्या बायकोला चालेल, त्या दिवशी मोरेश्वर चलाख यांचं वजन शहाण्णव किलो होतं. डॉक्टरांनी ते ब्याऐंशीवर आणायला सांगितलं. रक्तातली साखर काठावर होती, तीही खाली यायला हवी होती. दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली. तेव्हा फाल्गुन चालू होता.

आमच्या गावी, मूलला, परतताना बस नागभीडला चहासाठी थांबली. तिथे चलाखबाबूंनी दोन बालुशाही खाल्ल्या. त्यांच्या पत्नी कुसुमबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांना बाबू म्हणाले, "उद्यापासून बंदच हाय ना."

हे मला दुसऱ्या दिवशी खुद्द त्यांनीच ग्रंथालयात येऊन सांगितलं. स्वतःची फजिती ते असं सांगायचे की जणू ती शेजारच्या माणसाची असावी. मी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची ग्रंथपाल आणि ते कार्यालयाचे बडे बाबू. बावीस वर्षं आमच्यामध्ये एक व्हरांडा होता. ग्रंथालयात वाचायला कुणी येत नसे. ते यायचे, पण वाचायला नव्हे.

चलाख हे आमच्या भागातलं आडनाव आहे, त्याचा अकलेशी संबंध नाही. एकदा शिक्षण खात्याची समिती आली होती. "हे आमचे चलाख बाबू," अशी प्राचार्यांनी ओळख करून दिल्यावर समितीतले पुण्याकडचे गृहस्थ म्हणाले, "ते दिसतंच आहे, पण नाव काय यांचं?" बाबूंनी हा किस्सा पुढे दहा वर्षं सांगितला आणि दर वेळी त्याच्याबरोबर काहीतरी खाल्लं.

गोडाच्या बाबतीत मात्र ते आडनावाला जागत. चहात चार चमचे साखर, आणि वर, "चहा कडू प्यायचा असन तर काढा काऊन नाई प्यायचा?" दुपारचे चार वाजले की त्यांचं कामातलं लक्ष उडे. आधी टेबलाचा खण उघडे, मग दुसरा खण, मग शिपाई गेडामभाऊंच्या पिशवीकडे नजर जाई. शेवटी ते व्हरांडा ओलांडून माझ्याकडे येत आणि शब्दकोशांच्या कपाटासमोर उभे राहत. त्या कपाटात त्यांचा शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा असे. शब्दकोश कुणी उघडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मला गोड आवडत नाही हेही ठाऊक होतं, त्यामुळे डबा सुरक्षित होता.

"तुमी गोड खात नाई, बाई, म्हणजे तुमाले कोनाचं बरं पाहवत नाई," असं ते चिक्की मोडता मोडता म्हणायचे.

नागपूरहून आल्यावर त्यांनी तो डबा स्वतः नेला, रिकामा केला आणि आणून माझ्या टेबलावर ठेवला. रिकामा कसा केला, ते ओठांवर दिसत होतं.

पहिला महिना त्यांनी साखर खरोखर सोडली. साखर म्हणजे साखरच, पांढरी, दाणेदार, दुकानातली. तेवढ्यात मोह पडायला लागला. आमच्याकडे या दिवसांत पहाटेपासून बाया रानात मोहफुलं वेचतात आणि अंगणा-अंगणातून ती वाळत पडलेली असतात. चलाखबाबूंनी वाळला मोह आणला, उकडला, भाजलेल्या तिळात कुटला आणि त्याचे लाडू वळून ते डबा भरून कार्यालयात आणू लागले.

मी म्हटलं, "बाबू, हे गोड आहे."

"गोड हाय, साखर नाई. साखर कारखान्यात होते. रानात कुठी कारखाना हाय, सांगा."

"मोहात साखर असते."

"मोहात मोह असते, बाई," ते म्हणाले आणि लाडू तोंडात टाकला.

याच तर्कानं मध चालला, कारण तो मधमाश्यांनी केला होता. गूळ चालला, कारण तो औषधात घालतात. खोकल्याचं औषधही चाललं, आणि त्यासाठी थोडा खोकलाही चालला. महिन्याभरानं तपासणी झाली तेव्हा साखर आधीपेक्षा वर गेली होती. बाबूंनी कागद दोनदा वाचला आणि प्रयोगशाळेतल्या मुलीचं अक्षर चांगलं नाही असं मत दिलं. कागद छापील होता.

वजनाचं म्हणाल तर दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मूल हे धानाचं गाव. ओळखीच्या एका भात गिरणीत मोठा काटा होता, त्यावर ते दर सोमवारी पोत्यांच्या रांगेत उभे राहत. काटा पंच्याण्णव दाखवी. मग ते मुनीमजींशी हुज्जत घालत. धान घेताना व्यापारी पोत्याचं वजन वजा करतो, ओलाव्याचं वजा करतो. मग माणसाचं काऊन नाही? कपडे हा बारदाना. सकाळपासून प्यायलेलं पाणी हा ओलावा. असं करत त्यांनी एका सोमवारी स्वतःला नव्वदवर आणलं.

मुनीमजी धोतराचा सोगा झटकत म्हणाले, "बाबू, धान वाळलं का ओलावा आपोआप जाते. आमी नाई काढत. तुमी वाळा ना."

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसतही होतो. कुसुमबाई मात्र त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला डायलिसिसला जात होत्या. सकाळच्या बसनं जात आणि संध्याकाळी परतत, तेव्हा बस थांब्यापासून घरापर्यंतचं अंतर त्यांना तीन ठिकाणी बसून पार करावं लागे. बाबू सोबत असत. बसायच्या तीन जागांपैकी एक जागा मिठाईच्या दुकानाची पायरी होती, यात बाबूंचा दोष नव्हता. पायरी आधीपासून तिथे होती.

खरी अडचण पायरीची नव्हतीच. अडचण गावाची होती. आमच्याकडे कुणाला पोर झालं, कुणाची पोर पास झाली, कुणी गाडी घेतली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, की पेढा येतो आणि तो नाकारता येत नाही. पेढा नाकारणं म्हणजे त्या माणसाचं चांगलं झालेलं न बघवणं. बाबूंनी यातून आपला सिद्धांत काढला होता: "खाणं येगळं अन् तोंड गोड करणं येगळं. खाणं आपल्यासाठी असते. तोंड गोड करतो ते दुसऱ्यासाठी." दुसऱ्यासाठी ते दिवसातून तीन-चारदा कष्ट घेत. गावात कुणाचं साक्षगंध आहे, कुणाचं बारसं आहे, हे त्यांना भटजींच्या आधी कळे. दुसऱ्याच्या सुखात इतका मनापासून सहभागी होणारा माणूस मी पाहिला नाही.

आणि गाव त्यांना मदत करी. सगळ्यांना ठाऊक होतं की या माणसाला वजन उतरवायचं आहे आणि ते कशासाठी. कुसुमबाईंची चौकशी करून, डोळ्यांत पाणी आणून, तेच लोक त्याच दमात डबा पुढे करत. "एका पेढ्यानं काय होते, बाबू?" आमचे प्राचार्य तर म्हणत, "आमच्या मुलाच्या नोकरीचा पेढा आहे, याला नाही म्हणायचं नसतं." मी हिशेब लावून पाहिला होता: प्रत्येक जण एकच पेढा देत होता. कुणाचंही चुकत नव्हतं.

वैशाखात मी एकदा कुसुमबाईंना भेटायला गेले. त्या डायलिसिसहून आलेल्या, खाटेवर टेकून बसलेल्या. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. त्यांच्या हातात स्टीलची छोटी वाटी होती आणि वाटीत बर्फाचा एक खडा. त्यांना दिवसाचं पाणी मोजून मिळे आणि उरलेली तहान त्या बर्फानं भागवत. कुसुमबाई मोजकं बोलणाऱ्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी भाजी, पाऊस आणि बस यांपलीकडे काही बोलल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात शेजारचे भाऊ आले. त्यांच्या मुलाचं वनरक्षकाच्या भरतीत नाव लागलं होतं. डबा उघडला गेला. कुसुमबाईंनी हात जोडले, त्यांना कुणी आग्रह केला नाही. डबा बाबूंपुढे आला.

"नाई नाई," बाबू म्हणाले, आणि तोवर अर्धा पेढा तोंडात गेला होता. "आता भाऊच्या पोराचं येवढं चांगलं झालं, तोंड तर गोड करा लागन ना."

कुसुमबाईंनी वाटी खाली ठेवली.

"मले पानी मोजून भेटते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "परवा वहिनीच्या घरी गेली, तिनं गिलास भरून देल्ला. मी म्हटलं नाई. तिले राग आला, येऊ देल्ला. मी कोनाच्या मनासाठी पानी पिऊन राह्यली का? मंग तुमी कोनासाठी खाऊन राह्यले?"

बाबूंच्या गालात पेढा तसाच राहिला. थुंकला असता तर शेजाऱ्याचा अपमान होता आणि गिळला असता तर बायकोचा. शेजारचे भाऊ डब्याचं झाकण लावायला लागले, ते त्यांना लागेना. बाबू उठून मागच्या दारानं बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. आधी काय केलं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी बाबू कार्यालयात आले ते टक्कल करून.

त्यांचे केस कुरळे होते आणि त्यांना दर पंधरा दिवसांनी कलप लागे. कपाळावर एक बट ते मुद्दाम सोडत. ती बटही गेली होती. गेडामभाऊंनी विचारलं तेव्हा बाबू जड आवाजात म्हणाले, "रुषीकाका गेले. गावाकडचे. दहा दिवस सुतक हाय."

रुषीकाका म्हणजे त्यांचे चुलते, मार्कंड्याजवळच्या खेड्यात राहणारे. सगळ्यांनी वाईट वाटून घेतलं. त्याच दुपारी एका प्राध्यापकांच्या घरी जुळं झाल्याचे पेढे आले. डबा टेबला-टेबलावरून फिरला आणि बाबूंच्या टेबलाजवळ येताच वळून पुढे गेला. सुतकातल्या माणसाला गोड विचारत नाहीत. विचारणंच पाप. बाबू मान खाली घालून जावक क्रमांक टाकत राहिले. चार वाजले, ग्रंथालयात आले, शब्दकोशांच्या कपाटासमोर उभे राहिले आणि परत गेले.

रुषीकाकांचे दहा दिवस संपले तेव्हा राजुऱ्याचे मामा गेले. मामाचं सुतक तीनच दिवस असतं, पण तेवढ्यात लग्नसराईतल्या तीन पंक्ती निघून गेल्या. मग सिरोंच्याकडची एक मावशी गेली. मग चुलत चुलते. सुतकाचे नियम बाबूंना रजेच्या नियमांसारखे पाठ होते: आईकडचं माणूस म्हणजे किरकोळ रजा, बापाकडचं म्हणजे अर्जित. या सगळ्या मृत्यूंसाठी त्यांनी एकही दिवस रजा मात्र घेतली नाही. तेवढं त्यांना कसंनुसं वाटत असावं. टक्कल त्यांनी एकदाच केलं होतं. पुढच्या मयतांसाठी केस वाढूच दिले नाहीत.

मी एकदा विचारलं, "बाबू, तुमच्या घराण्यात साथ आली आहे का?"

ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "बाई, तुमी एवढी पुस्तकं वाचता. मले एक शब्द सांगा. बायकोले किडनी द्याची हाय म्हटलं त लोक म्हणतेत, एका पेढ्यानं काय होते. डाक्टरनं मना केलं म्हटलं त म्हणतेत, डाक्टर असेच असतेत. अन् काका मेला म्हटलं त डब्बा मांगं घेतेत. याले काय म्हणतेत पुस्तकात?"

आमच्या गावात खऱ्या आजाराला मान नाही, सुतकाला आहे. हे मला कोशात सापडण्यासारखं नव्हतं.

जूनमध्ये अकरावीचे प्रवेश सुरू झाले. गर्दीत एक म्हातारा, खांद्यावर गमछा, काखेत मिठाईचा डबा आणि मागे एक लाजरी मुलगी, असा कार्यालयाच्या दारात आला.

"मोरेश्वर कुठी बसते?"

"साहेबाइचं काय काम?" गेडामभाऊंनी विचारलं. "तुमी कोण?"

"मी त्याचा काका. रुषी. नात पास झाली, म्हटलं इथीच टाकू."

मी तेव्हा कार्यालयातच होते. टंकलेखिकेचे हात थांबले. प्राचार्य आपल्या खोलीच्या दारात आले होते, ते तिथेच उभे राहिले. गेडामभाऊंनी म्हाताऱ्याच्या पायांकडे पाहिलं, ते सरळ आहेत की उलटे याची खात्री करायला. बाबूंनी मान वर केली आणि त्यांच्या त्या टकलावर, मी शपथेवर सांगते, घाम फुटला.

रुषीकाकांनी डबा उघडून पुढे केला. "घे, तोंड गोड कर."

"नाई जमत, काका," बाबू म्हणाले.

"काऊन?"

"सुतक हाय."

"कोनाचं?"

बाबूंनी जावक रजिस्टर उघडलं. गेडामभाऊच म्हणाले, "पयलं तुमचंच, बाबाजी."

मग जे कळायचं ते सगळ्यांना कळलं. प्राचार्य संतापले. मरणाचा असा खेळ करतात का, अभद्र आहे हे, असं ते बोलत होते. सर्वांत जास्त पेढे त्यांनीच चारले होते. बाबू उभे राहून ऐकत होते. रुषीकाकांनी डबा खुर्चीवर ठेवला, गमछ्यानं तोंड पुसलं आणि पुतण्याला विचारलं, "किती उतरलं?"

"अठ्ठ्याऐंशी भरते. आठ गेले."

"अन् अजून?"

"सहा."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला.

"मंग दहा दिवसाचं काऊन धरलं तू? घरचं माणूस गेलं त वर्षभर सण गोड करत नाई. मले वर्षाचा मेलेला ठेव ना. दिवाळी निघून जाईन." मग प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "माहं काई जात नाई, साहेब. मी घरी हाओच. सूनबाई जगली पायजे."

डबा त्यांनी पुन्हा काखेत मारला आणि नातीचा अर्ज भरून, बाबूंना पेढा न देता, ते गेले.

त्यानंतर गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही. गाव एका सोयीच्या खोट्याला तयार झालं, एवढंच. राखी, पोळा, गणपती, सगळ्यांत गेडामभाऊ दारातच सांगत, "साहेबाइले सुतक हाय," आणि ज्यांना खरं ठाऊक होतं तेही डबा मागे घेत. प्राचार्यांनी नातू झाल्याचे पेढे वाटले तेव्हा बाबूंच्या टेबलाजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "तुमच्या काकांचं वाईट झालं." रुषीकाका मूलच्या बाजाराला येत, पण तोंडाला गमछा बांधून आणि मागच्या गल्लीनं. कुणी ओळखलं तर म्हणत, "मी नोहो."

चार वाजता जीभ वळवळायची ती वळवळतच राहिली. बाबूंनी तिला जिंकलं वगैरे नाही. ते टेबल धरून बसत. कधी ग्रंथालयात येऊन, मी सांगितलेलं नसताना, पुस्तकांवरची धूळ झाडत. एकदा त्यांनी एक पूर्ण कपाट झाडलं आणि म्हणाले, "आज जिलबी होती."

दिवाळीच्या आधी नागपूरच्या काट्यावर ते एक्याऐंशी भरले. बारदान्यासकट. साखर काठाच्या आत होती. शस्त्रक्रिया झाली. कुसुमबाई पावणेदोन महिन्यांनी घरी आल्या आणि बस थांब्यापासून घरापर्यंत कुठेही न बसता चालत गेल्या. बाबू मागून येत होते, त्यांनाच धाप लागली होती.

पुढे ते तीन वर्षं जगले. एका शनिवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडाशी त्याचा संबंध नव्हता, हेही डॉक्टरांनी आपणहून सांगितलं, कारण कुसुमबाई ते विचारू शकत नव्हत्या. तेरवीला रुषीकाका माझ्या शेजारी बसले होते. पत्रावळ समोर आली तरी त्यांनी हात लावला नाही. "आमी सारे खोटेच मेलो, बाई," ते म्हणाले. "त्यालेच खरं मराची काय घाई होती?"

मी बाबूंना शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारआधीच्या गुरुवारी. मिठाईच्या दुकानाच्या काचेसमोर ते हात पाठीमागे बांधून उभे होते. डावीकडून उजवीकडे सरकत, ताटांवरच्या चिठ्ठ्या एकेक वाचत होते. केस पुन्हा वाढले होते, बट कपाळावर होती, कलप लावणं सोडलेलं होतं. मी मागे येऊन उभी राहिले, ते त्यांना काचेत दिसलं.

"वाचून राह्यलो, बाई," ते वळून न बघता म्हणाले. "घरी न्याचं नाई. इथीच वाचून ठेवाचं."

मी पुढे गेले. ते पुढच्या ताटाकडे सरकले होते.

कुसुमबाई बऱ्या आहेत. दर तीन महिन्यांनी नागपूरला तपासणी असते. आता त्यांच्यासोबत मी जाते.